सिलेंडरला बोअर कुणी मारला?

गेल्या आठवड्यात दादाचा नातू चार दिवस माझ्याकडे राहायला आला होता. मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. परीक्षा तोंडावर आणि जर्नलं अपुरी, म्हणून "आत्याआजीकडे शांतता असते" असं घरी सांगून आला. आला तो दोन जाडजूड जर्नलं आणि मित्राची गेल्या वर्षीची दोन जर्नलं घेऊन! एकात इंजिनाचे प्रयोग, म्हणजे किती भार टाकला की तासाला किती डिझेल लागतं वगैरे. दुसऱ्यात लेथवरचे प्रयोग, किती वेगाने धातू कापला की टूल किती मिनिटं टिकतं ते. मी चहा घेऊन गेले तर साहेब मित्राच्या जर्नलमधले आकडे आपल्या जर्नलमध्ये उतरवत होते. मधूनच एखादा शेवटचा अंक बदलत होते. सरांना संशय येऊ नये म्हणून.

बत्तीस वर्षं शाळेत शिकवलेल्या बाईला हे बघवणार कसं? म्हटलं, "अरे, ही रीडिंगं तू घेतलीस का?"

तर म्हणाला, "आत्याआजी, सगळेच असं करतात. आणि उत्तर ठरलेलंच असतं गं. घेऊन काय नवीन निघणार आहे?"

मी तेव्हा काही बोलले नाही. पण "उत्तर ठरलेलंच असतं" हे वाक्य काही डोक्यातून जाईना. रात्री अंथरुणावर पडल्यावर मला त्याच्या आजोबांची, म्हणजे आमच्या दादाची आठवण आली. दादाने मला एक प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर मला फार उशिरा मिळालं. ते त्याला सांगायचं राहूनच गेलं. म्हणून आज इथे लिहायला बसले आहे.

माझ्या ब्लॉगवर नेहमी येणाऱ्या मंडळींना दादा ठाऊक आहे. नवीन वाचकांसाठी थोडक्यात सांगते. आमचे वडील गेले तेव्हा दादा नववीत होता. त्याने शाळा सोडली आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका वर्कशॉपमध्ये झाडलोट करायला लागला. पुढे हेल्पर, मग टर्नर. त्याच्या पगारावर मी बी.ए. झाले, इतिहास घेऊन, मराठी माध्यमातून. मग बी.एड. आणि मास्तरकी. दादाला गणितात माझ्यापेक्षा दीडपट गती होती, हे मी आज लिहून टाकते. तो असताना कधी कबूल केलं नाही.

तर १९८० च्या आसपासची गोष्ट. दुसऱ्या दिवशी वर्गात औद्योगिक क्रांती घ्यायची होती. मी टाचण काढत मोठ्याने वाचत होते की जेम्स वॉटने किटलीचं झाकण उडताना पाहिलं आणि वाफेच्या इंजिनाचा शोध लावला. दादा जेवत होता. भाकरीचा घास हातातच ठेवून त्याने विचारलं, "ते खरं गं. पण त्या सिलेंडरला बोअर कुणी मारला?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे आतून गोल कुणी केला? ओतलेला सिलेंडर काय गोल असतोय व्हय? पिस्टन बसला कसा त्यात?"

मी म्हटलं, ते पुस्तकात नाही. तो हसला. म्हणाला, "मग तुमच्या पुस्तकातलं इंजिन चालायचं नाही." मला राग आला होता. बहुतेक मी त्या दिवशी त्याला ताकही वाढलं नाही.

निवृत्त झाल्यावर वाचायला वेळ मिळाला, तेव्हा कळलं की दादाने नेमकं वर्मावर बोट ठेवलं होतं. आणि किटलीची गोष्ट तर सोडाच, वॉटने वाफेच्या इंजिनाचा शोधच लावलेला नाही. मी बत्तीस वर्षं चुकीचं शिकवलं. माझ्या माजी विद्यार्थ्यांपैकी कुणी वाचत असेल तर माफी असावी.

इंजिन वॉटच्या जन्माआधीपासून चालू होतं. १७१२ साली थॉमस न्यूकोमेन नावाच्या लोखंडी सामानाच्या व्यापाऱ्याने इंग्लंडात डडलीजवळ कोळशाच्या खाणीतलं पाणी उपसायला ते बसवलं. त्याची रीत अशी. उभ्या सिलेंडरमध्ये वाफ सोडायची, मग आत थंड पाण्याची धार मारायची. वाफेचं पाणी होतं, आत पोकळी तयार होते आणि बाहेरच्या हवेचा दाब दट्ट्याला, म्हणजे पिस्टनला, खाली ढकलतो. त्याबरोबर तराजूच्या दांडीसारख्या तुळईचं दुसरं टोक वर जातं आणि पंप ओढला जातो. चांगलं चालायचं. फक्त कोळसा बकासुरासारखा खायचं. खाणीच्या तोंडाशीच कोळशाचा चुरा फुकट पडलेला, त्यामुळे तिथे कुणाला फिकीर नव्हती. खरी पंचाईत कॉर्नवॉलच्या कथील आणि तांब्याच्या खाणींत. तिथे कोळसा नाही. तो वेल्समधून जहाजाने आणायचा. म्हणजे इंजिन किती पितं हा प्रश्न तिथे जिवाचा.

('पितं' हा शब्द उद्यमनगरातला. मी कॉलेजात असताना दादाने मला एकदा तिथे ऑइल इंजिनाची टेस्ट बघायला नेलं होतं. फिरत्या चाकावरून दोर घेतलेला, दोराच्या एका टोकाला वजनं, दुसऱ्या टोकाला ताणकाटा. चाक तापू नये म्हणून त्याच्या कडेत पाणी ओततात. डिझेल एका काचेच्या नळीतून जातं आणि खुणेपासून खुणेपर्यंत उतरायला किती सेकंद लागतात ते घड्याळावर बघायचं. बाजूला इंजिन घ्यायला आलेला एक शेतकरी उकिडवा बसला होता. त्याला हॉर्सपॉवर वगैरेशी काही देणंघेणं नव्हतं. त्याचा एकच प्रश्न: "तासाला किती पितंय?")

हा प्रश्न आकड्यांत विचारणारा पहिला मोठा माणूस जॉन स्मीटन. एडिस्टोनचं दीपगृह बांधणारा तोच हा. १७६९ साली त्याने न्यूकॅसलच्या आसपासच्या १५ इंजिनांचा हिशेब मांडला. माप असं की एक बुशेल, म्हणजे ८४ पौंड (सुमारे ३८ किलो) कोळसा जाळला तर किती पौंड पाणी एक फूट वर चढलं? सरासरी निघाली सुमारे ५६ लाख पौंड. सगळ्यांत चांगलं इंजिन ७४ लाखांवर आणि सगळ्यांत वाईट ३२ लाखांवर. एकाच तऱ्हेची इंजिनं आणि दुपटीहून जास्त फरक! ५६ लाख ऐकायला मोठं वाटतं. पण कोळशात जी उष्णता असते तिच्या शंभरातला एक भागही कामाला येत नव्हता.

मग स्मीटनने लीड्सजवळ ऑस्थॉर्पला आपल्या घरी एक छोटं इंजिन खास प्रयोगासाठी बांधलं. तो एका वेळी एकच गोष्ट बदलायचा. बाकी सगळं तसंच ठेवायचं आणि लिहून काढायचं. मग दुसरी गोष्ट. विस्तव कसा पेटवायचा, पाण्याची धार किती, दट्ट्यावर भार किती. नवा शोध एकही नाही, नुसती चिकाटी. आणि १७७२ मध्ये लाँग बेंटनला त्याने जे इंजिन बांधलं त्याने साडेचौऱ्याण्णव लाखांचा आकडा दिला. मला हा माणूस फार आवडतो. शाळेच्या पुस्तकांत तो येत नाही, कारण त्याच्या गोष्टीत किटली नाही.

वॉट तेव्हा ग्लासगो विद्यापीठात उपकरणं दुरुस्त करायचा. १७६३-६४ च्या हिवाळ्यात न्यूकोमेन इंजिनाचं एक लहान मॉडेल दुरुस्तीला त्याच्याकडे आलं. चार-दोन हेलकावे घेतले की बॉयलरमधली वाफ संपायची. वॉटने मोजून पाहिलं तर सिलेंडरच्या पोकळीत मावेल त्याच्या कितीतरी पट वाफ दर खेपेला खर्ची पडत होती. कारण उघड होतं. सिलेंडर दर खेपेला थंड करायचा आणि दर खेपेला पुन्हा तापवायचा. म्हणजे प्रत्येक भाकरीला तवा पाण्यात बुडवून पुन्हा चुलीवर ठेवण्यासारखं! १७६५ च्या मे महिन्यात त्याला युक्ती सुचली, की वाफ थंड करायला वेगळं भांडं ठेवायचं आणि सिलेंडर कायम गरमच राहू द्यायचा. १७६९ मध्ये पेटंट मिळालं.

आणि तरी इंजिन चाललं नाही. पुढची पाच-सहा वर्षं चाललं नाही! हे मी कधीच शिकवलं नव्हतं.

का चाललं नाही, ते दादाने जेवताना विचारलं होतं. सिलेंडर गोल नव्हता. न्यूकोमेनच्या इंजिनात दट्ट्या आणि सिलेंडर यांच्यात फट राहिली तरी चालायचं. दट्ट्याच्या डोक्यावर पाण्याचा थर ठेवायचे, तो फट बुजवायचा. वॉटला ती सोय नव्हती. पाणी घातलं की सिलेंडर थंड, मग सगळं मुसळ केरात. म्हणून त्याने फट बुजवायला काय काय कोंबून पाहिलं: बूच, तेलात भिजवलेल्या चिंध्या, कागदाचा लगदा, जुन्या टोप्यासुद्धा. वाफ निसटतच राहिली. असं सांगतात की खुद्द स्मीटनने इंजिन पाहून म्हटलं होतं, कल्पना उत्तम आहे, पण इतकं नेमकं काम करणारी हत्यारंही नाहीत आणि कारागीरही नाहीत. त्याचे भागीदार रोबक यांचं १७७३ मध्ये दिवाळं निघालं आणि त्याच वर्षी वॉटची बायको बाळंतपणात गेली. वॉट पोट भरायला कालव्यांची मोजणी करत हिंडत होता.

आता बोअरचं बघा. त्या काळात एका लांब दांड्याच्या टोकाला पातं लावून ते ओतीव सिलेंडरमध्ये ढकलायचे. दांड्याचं पुढचं टोक मोकळंच, ते वजनाने झुकायचं आणि ओतकामात जिथे उंचवटा किंवा वाक असेल तिथे त्याच्या मागे मागे जायचं. म्हणजे आत खरडून गुळगुळीत व्हायचं खरं, पण सरळ आणि गोल व्हायचं नाही. वाकडी विहीर आतून गिलावा केला म्हणून सरळ होते का?

जॉन विल्किन्सन हा वेल्समध्ये बर्शमला लोखंडाचा कारखाना चालवायचा. लोखंडाचं वेडच होतं त्याला. लोखंडाची नाव केली, मेल्यावर लोखंडाच्या पेटीत पुरून घेतलं. १७७४ मध्ये त्याने भरीव ओतलेल्या तोफेला सरळ भोक पाडायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. आणि १७७५ मध्ये सिलेंडरसाठी वेगळं यंत्र केलं. त्यात दांडा सिलेंडरच्या आरपार जातो आणि दोन्ही टोकांना आधारावर फिरतो. पातं त्या दांड्यावरून हळूहळू पुढे सरकतं. बस, एवढंच. दोन्ही टोकांना धरल्यामुळे दांडा झुकत नाही आणि पातं ओतकामाची वाट धरत नाही, स्वतःची वाट काढतं. टिप्टनच्या खाणीवर १७७६ मध्ये बसवलेल्या ५० इंच व्यासाच्या सिलेंडरबद्दल वॉटचा नवा भागीदार बोल्टन याने अभिमानाने लिहून ठेवलंय, की त्यात कुठेही जुन्या शिलिंगच्या जाडीएवढीही चूक नाही.

जुन्या शिलिंगची जाडी! दादा शंभरावा भाग मिलिमीटरमध्ये बोलायचा. त्याला हे सांगितलं असतं तर तो पोट धरून हसला असता. पण मग थोडा गप्प बसला असता असंही मला वाटतं. कारण तेवढ्यावर इंजिन चाललं. आणि कोळशाचा आकडा दोन कोटींच्या घरात गेला.

तर दादा, सिलेंडरला बोअर विल्किन्सनने मारला.

वॉट आणि बोल्टन यांची कमाईची रीतही मजेशीर होती. जुन्या इंजिनाच्या मानाने जेवढा कोळसा वाचेल त्याची एक तृतीयांश किंमत आम्हाला द्या, असा करार. इंजिनाने किती हेलकावे घेतले ते मोजणारं यंत्र तुळईवर बसवून त्याच्या पेटीला कुलूप घालायचे. म्हणजे आपल्याकडे विजेचा मीटर सील करतात तसं! खाणमालक वर्षानुवर्षं कुरकुरले, कोर्टात गेले. १८०० मध्ये पेटंट संपलं आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. झालं असं की आता मोजणारं कुणी उरलं नाही, आणि इंजिनं पुन्हा जास्त पिऊ लागली.

मग कॉर्नवॉलच्या लोकांनी १८११ पासून एक छान गोष्ट केली. जोएल लीन नावाच्या खाणीवरच्या जाणत्या माणसाकडे काम सोपवलं आणि दर महिन्याला प्रत्येक इंजिनाचा आकडा, इंजिनिअरच्या नावासकट, छापायला सुरुवात केली. कुणी काय बदल केला हे सगळ्यांना दिसायचं. सुरुवातीला सरासरी सुमारे पावणेदोन कोटी होती (तिथलं बुशेल ९४ पौंडांचं, हे ध्यानात ठेवा). १८४० च्या दशकात ती सहा कोटींच्या वर गेली, आणि १८३५ मध्ये फोवी कन्सोल्स खाणीवरच्या एका इंजिनाने चाचणीत साडेबारा कोटींचा आकडा दाखवला. शाळेत निकालाचा तक्ता दारावर लावतात त्यातला प्रकार. मला स्वतःला तो तक्ता कधी आवडला नाही, पण इथे उपयोग झाला खरा.

मधे एक गंमत सांगायची राहिली. लोखंड कापताना ते तापतं हे लेथवरच्या पोराला पहिल्या दिवशी कळतं, चटका बसल्यावर. पण ती उष्णता येते कुठून? त्या काळातल्या पंडितांचं म्हणणं होतं की उष्णता हा एक पातळ पदार्थ आहे, धातूत भरलेला असतो आणि धातू कापला की बाहेर सांडतो. काउंट रम्फर्ड म्युनिकच्या शस्त्रागारात तोफा बोअर करून घ्यायचा. त्याने मुद्दाम बोथट टूल घेतलं, भोवती लाकडी पेटीत पाणी भरलं आणि घोड्यांकडून यंत्र फिरवलं. अडीच तासांनी पाणी उकळायला लागलं. विस्तव नाही आणि पाणी उकळतंय! बघणाऱ्यांनी तोंडात बोटं घातली. जोवर घोडे फिरतात तोवर उष्णता येतच राहते, मग ती पदार्थ कशी असेल? ती गतीच असली पाहिजे, असं त्याने १७९८ मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडलं. आणि प्रामाणिकपणे हेही लिहिलं की पाणीच उकळायचं असेल तर घोड्यांचा चारा चुलीत घालावा, जास्त उष्णता मिळेल. इंजिनाचं जर्नल आणि लेथचं जर्नल एका ठिकाणी भेटतात ते इथे, हे मी नातवाला सांगितलं. तो "हूं" म्हणाला. बोथट टूलने काम करणाऱ्याला दादाने मात्र वर्कशॉपबाहेर काढलं असतं.

आता ज्याच्यासाठी एवढं पुराण लावलं त्या माणसाकडे येते. फ्रेडरिक टेलर. जन्म १८५६, अमेरिकेत फिलाडेल्फियाचा. सुखवस्तू घरातला मुलगा, हार्वर्डची प्रवेश परीक्षा पास झालेला. पण डोळ्यांचं दुखणं निघालं, तेव्हा कॉलेज सोडून वर्कशॉपमध्ये शिकाऊ झाला. १८७८ मध्ये मिडव्हेल स्टील कंपनीत लागला, लेथवर काम केलं, मग मुकादम झाला. मुकादम झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की लेथ किती वेगाने चालवावी, काप किती खोल घ्यावा, हे कामगार अंदाजाने ठरवतात, आणि मुकादमाला काहीच ठाऊक नसल्यामुळे ते सांगतील ते ऐकावं लागतं. म्हणून १८८० मध्ये मालकाकडून परवानगी घेऊन त्याने प्रयोग सुरू केले. रेल्वे इंजिनाच्या चाकांवर चढवायच्या पोलादी धावा घेऊन त्या कापून बघायच्या. सहा महिन्यांत आटपेल असा अंदाज होता.

२६ वर्षं लागली! नोंदवून ठेवलेले प्रयोगच ३० ते ५० हजार. पोलाद आणि लोखंड मिळून ८ लाख पौंडांचा, म्हणजे ३६० टनांहून जास्त धातूचा, नुसता कीस पाडला. कारण एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बदलण्यासारख्या गोष्टी निघाल्या १२. धातूचा कठीणपणा, टूलचं पोलाद, टूलच्या नाकाचा आकार, कापाची खोली, गार पाणी आहे की नाही, अशा. टूल २० मिनिटांत बाद होईल असा वेग कोणता, ही कसोटी. पहिल्या काही वर्षांतच त्याला दिसलं की चिप जिथे सुटते तिथे पाण्याची मोठी धार सोडली तर सुमारे ४० टक्के जास्त वेगाने कापता येतं. कूलंटची बारीक पाइप लेथवर आपण आज बघतो, तिचं मोल असं आकड्यांत ठरलं.

पुढे १८९८ च्या सुमारास बेथलेहेमच्या कारखान्यात मॉन्सेल व्हाइट याच्याबरोबर त्याने आणखी एक केलं. टूलचं पोलाद ठरावीक मर्यादेपलीकडे तापवलं की ते वाया जातं हे तेव्हा लोहार-पंडित सगळेच मानायचे. यांनी मर्यादा ओलांडली, पोलाद वितळायच्या बेतापर्यंत नेलं आणि टूल वाया जाण्याऐवजी कितीतरी कणखर निघालं. हे हाय-स्पीड स्टील. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात टूलचं टोक लालबुंद झालंय, निळ्या चिप्स उडतायत आणि तरी ते कापतंय, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. दादाच्या तोंडी सारखं असायचं ते 'एचएसएस' हेच.

१९०६ मध्ये न्यूयॉर्कला इंजिनिअरांच्या संस्थेच्या अध्यक्षपदावरून टेलरने हे सगळं मांडलं. वेग आणि टूलचं आयुष्य यांचं जे सूत्र आमच्या नातवाच्या जर्नलमध्ये पहिल्या पानावर आहे ते तिथूनच आलं. त्याच्या आकड्यांप्रमाणे वेग फक्त १० टक्के वाढवला तर टूलचं आयुष्य निम्म्याहून कमी होतं. 'ठरलेलं उत्तर' ठरायला ही २६ वर्षं लागली.

इथे थांबले असते तर बरं झालं असतं. पण टेलरबद्दल मला नुसतं कौतुक लिहिता येत नाही.

दादा एका मोठ्या कारखान्यात काही वर्षं होता. नाव नको. तिथे पीस-रेटवर शाफ्ट टर्न करायचं काम होतं, एका शाफ्टला १६ मिनिटं धरलेली. दादाने टूलला धार लावायची स्वतःची एक तऱ्हा शोधून काढली. रविवारी घरी बसून कागदावर कोन काढायचा, मला दाखवायचा, मला काही कळायचं नाही. त्या टूलने शाफ्ट ११ मिनिटांत व्हायला लागला. दोन महिने चार पैसे जास्त मिळाले. माझ्या बी.एड.ची फी त्यातलीच. मग एक दिवस साहेब स्टॉपवॉच घेऊन शेजारी उभा राहिला. रेट ११ मिनिटांवर आला, सगळ्यांचाच. सोबतचे टर्नर महिनाभर दादाशी बोलले नाहीत. त्यानंतर त्याने दोन टूलं ठेवली, एक घड्याळ समोर असताना वापरायचं आणि एक नसताना. वहिनी, तपशिलात चुकलं असेल तर फोनवर सांगा, मी दुरुस्त करीन.

स्टॉपवॉचची ती पद्धत टेलरचीच. त्याचं म्हणणं असं की विचार करायचं काम वेगळ्या खोलीत व्हावं आणि कामगाराने सांगितल्याप्रमाणे करावं. १९११ मध्ये वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्रागारातल्या साचेकारांनी स्टॉपवॉच बघून काम बंद केलं. अमेरिकेच्या संसदेने चौकशी केली, टेलरला साक्षीला बोलावलं. १९१५ मध्ये, टेलर गेला त्याच वर्षी, लष्करी शस्त्रागारांत स्टॉपवॉचला बंदी आली.

टेलर स्वतः लेथवर उभा राहिलेला माणूस. ज्यांच्या हाताखाली शिकला त्यांच्या हातातलंच ज्ञान त्याने मोजून, आकडे करून, कागदावर आणलं. वाईट काय त्यात? मी शिक्षिका, ज्ञान कागदावर यावं असंच मला वाटणार. पण कागद कुणाच्या टेबलावर जातो, हेही बघावं लागतं. दादाचा तो कोन कागदावर होता तोवर आमच्या घरात होता. कॉर्नवॉलच्या तक्त्यावर इंजिनिअरचं नाव तरी छापायचे. टेलरच्या १२ गोष्टींच्या यादीत टर्नर नाही. यावर मी नातवाशी तासभर वाद घातला. तो म्हणतो टेलर नसता तर आजोबांच्या हातात एचएसएसचं टूलही नसतं. तेही खरंच आहे. मला उत्तर देता आलं नाही.

चौथ्या दिवशी निघताना मी त्याला दादाची पत्र्याची डबी दिली. वहिनींनी मला ठेवायला दिलेली. तेलकट कागदात गुंडाळलेलं एक टूल आहे आत. त्यातलं कुठलं ते, घड्याळासमोरचं की दुसरं, मला माहीत नाही. त्याने ते उजेडात धरून फिरवून फिरवून पाहिलं आणि म्हणाला, "आत्याआजी, हा कोन पुस्तकातला नाहीये." मग कॉलेजच्या लेथवर लावून बघतो म्हणाला.

काल त्याचा फोन आला होता. त्या टूलवर त्याने खरीखुरी सात रीडिंगं घेतली आहेत, तीन फसली. मित्राचं जर्नल परत केलं, त्यामुळे बाकीचे प्रयोग तसेच पडलेत आणि सोमवारी सबमिशन आहे. वहिनी, हे एवढं त्याच्या आईला सांगू नका.